उंबरमाथ्याचा विस्तव

सरका जरा, मला भिंतीला टेकू द्या. हं.

एक होतं गाव, उंबरमाथा त्याचं नाव. डोंगराच्या पार डोक्यावर बसलेलं. वरून खाली बघितलं तर घाटाची वाट गांडुळासारखी दिसायची, आणि पायथ्याची नदी म्हणजे सांडलेल्या दुधाचा ओघळ. गावात घरं थोडी आणि भांडणं फार. कुणाची म्हैस कुणाच्या वालाच्या वेलात शिरली, कुणी कुणाच्या अंगणाकडे केर लोटला, कारणं अशी नखाएवढी. पण एकदा अबोला धरला की धरला. मग त्या घरातून ह्या घरात विस्तव जात नसे.

विस्तव जाणं म्हणजे काय, ते सांगते, बरं का. तेव्हा काड्यापेट्या नव्हत्या. निजताना चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी उकरून फुंकायचे. एखाद्या सकाळी विझलेलेच निघाले, तर फुटकं खापर घ्यायचं आणि शेजारणीच्या दारात जायचं. "वहिनी, विस्तव द्या हो." ती चिमट्यानं एक निखारा टाकायची. एवढंच.

तर काय झालं, पौषातल्या एका सकाळी उंबरमाथ्यात एक म्हातारी आली. उंच, पांढरी फटक, अंगावर विरलेलं लुगडं. ती पाऊल टेकायची तिथलं गवत कडक होऊन मोडायचं. हिवाई तिचं नाव, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ती पहिल्याच घराच्या दारात उभी राहिली. ते घर ठमाबाईचं. ठमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

म्हातारी म्हणाली, "बाई, हात गारठलेत. एक निखारा दे."

ठमाबाईनं मान वर केली नाही. "चल पुढं. येईल त्याला विस्तव वाटायला माझी काय भट्टी आहे?"

म्हातारी रागावली नाही. तिनं दारातूनच हलकी फुंकर घातली. फू. तसा जाळ खाली बसला, निखारे काळे पडले आणि तव्यातली भाकरी अर्धी कच्चीच राहिली.

मग ठमाबाईनं आपल्या थोरल्या सुनेला, येसूला, खापर देऊन शेजारच्या कोंडाबाईकडे पाठवलं. त्या दोन घरांत म्हशीवरून अबोला. कोंडाबाई म्हणाली, "आज बरी आमची आठवण झाली," आणि तिनं दार लावलं. दार लावलं न लावलं तोच तिचीही चूल विझली. मग कोंडाबाई खापर घेऊन पुढच्या घरी गेली. तिथंही नकार. तीही चूल विझली. असं करता करता दुपारपर्यंत अख्ख्या गावात एकही चूल पेटती राहिली नाही. बायकांनी चकमक झाडून पाहिली. ठिणगी पडायची, पण दवानं ओला झालेला कापूस ती धरायचा नाही. गडीमाणसं बैल घेऊन लांबच्या जत्रेला गेलेली. आणि ती म्हातारी पारावर जाऊन बसली. तिच्याकडून गार वारा निघायचा आणि दारांच्या फटींतून आत शिरायचा.

आता ऐका. ठमाबाईच्या घरात एक बाळंतीण होती. धाकटी सून, बनू. मुलगी झाली होती तिला, अजून पाचवीसुद्धा पुजली नव्हती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागते, धुरी लागते. शेगडी थंडगार पडली. त्या रात्री घरातली सगळी घोंगडी बाळावर घातली, तरी पहाटे त्याचे ओठ जांभळे दिसायला लागले. मग त्यानं रडायचं थांबवलं. रडणारं मूल बरं, बरं का. न रडणाऱ्याची भीती.

ठमाबाईनं बाळाचे तळवे चोळले आणि येसूला बाजूला घेऊन म्हणाली, "आणखी एक रात्र ही काढायची नाही."

गावात विस्तव आणायला कुणी निघेना. आणला तर मागायला येतील, मग नाही कसं म्हणायचं, असं जिला तिला वाटत होतं. त्यापेक्षा दुसरीनं आणावा, नाहीतर नकोच.

येसू उठली. तिनं खापर घेतलं, पदर खोचला.

"मी खाली जाते, आत्याबाई. नदीपलीकडे फिरत्या लोहारांची पालं पडलीत म्हणतात. त्यांची भट्टी पेटती असेल."

बाजेवरून बनू म्हणाली, "जाऊबाई, दिवस मावळायच्या आत याल ना?"

"येते," येसू म्हणाली. आणि निघाली.

घाट उतरताना तिच्या मागून कुणीतरी चालत होतं. वळून पाहिलं की दिसायचं नाही, नुसता गारठा लागायचा. येसू पळत पळत नदीवर आली. नावाड्यानं तिला पलीकडे सोडलं. दुपार झाली तेव्हा ती पालांपाशी पोचली.

भट्टीपुढं एक म्हातारी लोहारीण भाता ओढत होती. येसूला धापेनं बोलवेना. तिनं नुसतं खापर पुढं केलं. लोहारणीनं तिच्याकडं पाहिलं, भाता थांबवला, आणि खापरात आधी राखेचा थर घातला. मग भट्टीतले तीन लालबुंद निखारे निवडून त्यावर ठेवले.

येसू म्हणाली, "आजी, आमच्या गावात मला कुणी दिला नाही. तुम्ही तर मला ओळखतही नाही."

"ओळख काढत बसले तर निखारा निवेल की," लोहारीण म्हणाली. "लांब जायचंय?"

"उंबरमाथ्याला."

लोहारीण उठली. पालात जाऊन तिनं आपलं घोंगडं आणलं आणि येसूच्या खांद्यावर टाकलं. त्या पालात दुसरं घोंगडं नव्हतं, येसूनं पाहिलं होतं. ती काही म्हणायच्या आत लोहारीण परत भात्यापाशी बसलीसुद्धा. "खापर उघडं ठेव हं," तेवढं म्हणाली. "झाकलंस तर निखारा गुदमरेल."

मग येसू परत नदीवर आली. नाव निघाली आणि मधोमध वाळूत रुतली. नावाडी छातीभर पाण्यात उतरला. ढकलून ढकलून त्यानं नाव काठाला लावली, पण बाहेर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि बोटं मिटत नव्हती. त्याच्या झोपडीतली चूलही विझलेली. तो काही मागत नव्हता, वल्ह्याला धरून उभा राहायचं बघत होता.

येसूनं फार विचार केला नाही. तिनं एक निखारा त्याच्या चुलीत ठेवला, वर वाळका पाचोळा घातला. "फुंकत राहा दादा. लाकडं ओली आहेत, वेळ लागेल. मला थांबता येत नाही, घरी बाळ आहे."

"जा बाई," नावाडी म्हणाला. "मी फुंकतो."

राहिले दोन. येसू घाट चढू लागली. ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी बोललं. गोड आवाज, बरं का, आईसारखा.

"शहाणी आहेस. पण एक गेला ना? आता उरलेले झाक. पदर घाल वरून. दिसला तर मागतील."

येसूच्या मानेवर काटा आला. ती वळली नाही. चालत राहिली.

पहिल्या वळणावर एक धनगर बसला होता, म्हाकू त्याचं नाव. त्याच्या मांडीवर दोन कोकरं, त्याच सकाळी जन्मलेली. बायको तिसऱ्याला पोटाशी धरून होती. म्हाकूनं खापरातली लाली पाहिली.

"ताई, विस्तव द्या. ही आता जातील."

येसूनं सूर्याकडे पाहिलं. खापराकडे पाहिलं. आणि म्हणाली, "नाही हो. माझ्या घरी माणसाचं लेकरू आहे."

ती पुढं गेली. म्हाकूनं मान खाली घातली, एवढंच. येसू दहा पावलं गेली नसेल, तर खापरातले दोन्ही निखारे राखट झाले. तिनं फुंकलं. लाली येईना. पुन्हा फुंकलं. मागे कुणीतरी हसल्यासारखं झालं. तिला वाटलं, संपलं सगळं. आणि खांद्यावरच्या घोंगड्याचा धुरकट वास तिच्या नाकात गेला. ती लोहारीण आता उघडी बसली असेल. तिनं तर विचारलंही नव्हतं, विस्तव कुणासाठी, माणसाच्या लेकरासाठी की कुणाच्या.

येसू मागं फिरली. म्हाकूपुढं बसली आणि खापर खाली ठेवून म्हणाली, "चुकलं माझं. विझत आलेत, पण यातला एक घ्या. फुंकून बघा."

धनगराची बायको वाकली. कोकराला पोटाशी धरूनच तिनं फुंकलं. हळू, लांब. निखाऱ्याची एक कड तांबडी झाली. मग दुसराही हळूहळू उजळला. म्हाकूनं एक निखारा घेतला आणि येसूच्या खापरात सुक्या लेंड्या टाकल्या. "यांनी धुमसत राहील," तो म्हणाला. "पळा आता."

येसू पळाली. घाटात सावल्या उतरल्या होत्या. वारा मागून नाही, आता पुढून येत होता, आणि त्यातून तोच आवाज. "एकच उरला. आता तरी झाक." येसूनं खापर छातीशी धरलं, पण उघडंच. हात भाजत होता. भाजू दे म्हणाली.

शेवटच्या चढाआधी एक मोठा कातळ आहे. त्याच्या आडोशाला एक म्हातारा कासार बसला होता. बांगड्यांचं गाठोडं शेजारी. पाय मुरगळून सुजलेला. डोळे अर्धे मिटलेले, आणि मिशीवर दव गोठून पांढरं झालेलं. तो काही मागत नव्हता. मागण्याएवढा आवाजच उरला नव्हता त्याच्यात.

येसू थांबली. इथून गावचा उंबर दिसत होता. इथून घर हाकेच्या अंतरावर.

तिनं विचारलं, "बाबा, ऐकू येतंय का?"

कासारानं डोळे उघडले. खापर पाहिलं, तिचा घाम पाहिला आणि कसाबसा पुटपुटला, "कुणाचं दुखणं आहे?"

"बाळ आहे. गारठलंय."

"मग इथं काय उभी राहिलीस? जा. मी खूप पावसाळे पाहिलेत." आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

आता सांगा, तिनं काय करावं? गेली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. म्हातारा स्वतःच जा म्हणाला होता. येसूनं वर गावाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती खाली बसली. कातळाखालचा सुका पाला ओढला. दगडानं शेवटचा निखारा फोडला, त्याचे दोन तुकडे झाले. मोठा पाल्यात ठेवला, चिंचोक्याएवढा खापरात परत घातला. अंगावरचं घोंगडं काढून म्हाताऱ्याभोवती गुंडाळलं. "फुंका बाबा. झोपू नका. मी बाळाला ऊब दिली की परत येते."

आणि ती धावली. सूर्य टेकलाच होता. उंबर जवळ आला. घरांची छपरं दिसली. येसू खापराकडे बघत धावत होती, वाटेकडे बघत नव्हती. दवानं निसरडा झालेला दगड पायाखाली आला आणि ती पडली. खापर फुटलं. चिंचोक्याएवढा निखारा ओल्या गवतात गेला. चर्र झालं. बारीक धूर निघाला, आणि तोही गेला.

येसू गुडघ्यांवर बसून ते गवत चाचपत राहिली.

समोर हिवाई उभी होती. आता ती दिसत होती, उंबराएवढी उंच. ती म्हणाली, "मी नाही विझवला बाई. मी हातसुद्धा लावला नाही. तूच वाटून वाटून संपवलास."

घरातून बाळाचा आवाज येतो का, म्हणून येसू कान देत होती. काही येत नव्हतं.

मग तिला दुसराच आवाज आला. खालून. माणसांच्या बोलण्याचा, पावलांचा. ती वळली. घाटाच्या वाटेवर एक उजेड होता. त्याच्या मागं दुसरा. त्याच्या मागं आणखी. वळणावळणानं उजेड वर चढत होते.

सगळ्यांत पुढं एक तेलीण होती, हातात पेटता पलिता. येसूनं तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

तेलिणीनं विचारलं, "उंबरमाथ्याची बाई ती तूच का? जिच्या घरी बाळ आहे?"

येसूनं मान डोलावली.

"आम्ही नदीवर नावेची वाट बघत गारठून बसलो होतो. नावाड्यानं आपल्या चुलीपाशी बोलावलं. म्हणाला, हा विस्तव एका बाईनं दिला. तिच्याजवळ थोडाच उरलाय, वर पोचायचा नाही कदाचित. कुणी जाणार असेल तर घेऊन जा. मग मी पलिता तेलात भिजवून पेटवला. धनगरानं वाटेत आणखी दोघांना पलिते पेटवून दिले." तिनं येसूचे रिकामे हात पाहिले आणि पलिता तिच्या हातात दिला. "बोलत काय बसलो आपण. चल."

हिवाई वाटेत आडवी झाली. तिनं गाल फुगवले आणि फुंकर घातली. घाटातली झाडं वाकली. पण पलित्याचा जाळ विझला नाही, उलट भडभडून फुलला. तो विस्तव द्यायला कुणी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं ना, म्हणून. हिवाईनं पुन्हा फुंकलं. जाळ आणखी मोठा. मग ती बाजूला सरली.

येसू घरात शिरली. शेगडी पेटली. बाजेखाली सरकवली. ओव्याची धुरी केली. ठमाबाईनं हात शेकून शेकून बाळाच्या छातीवर ठेवले. बाळ हलेना. बनू भिंतीला डोकं टेकून बसली होती, तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला होता. पुन्हा शेक. पुन्हा. तेलीण दारात उभी, तिच्या मागं सगळी अनोळखी माणसं.

आणि बाळ शिंकलं. एवढीशी शिंक. मग तोंड वाकडं केलं आणि असं रडलं, असं रडलं की पलीकडच्या आळीला ऐकू गेलं.

बनूनं बाळाला उचलून पदराखाली घेतलं आणि मग तीच रडायला लागली. येसू भिंतीला धरून खाली बसली. पण लगेच उठली. "कातळाखाली एक बाबा आहेत," म्हणाली.

"आणलेत," मागून कुणीतरी म्हणालं. म्हाकू धनगर होता तो. कासार त्याच्या पाठीवर. त्याची कोकरं जगली, तशी तो बायकोला त्यांच्यापाशी ठेवून निघाला होता. वाटेत कातळाखाली उजेड दिसला, म्हणून वाकून पाहिलं. कासारानं शेगडीशी बोटं शेकली आणि पहिलं काम काय केलं, तर गाठोडं सोडून बाळाच्या हातांत काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या.

एव्हाना अंगणात बायका जमल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात खापर, पण पुढं कुणी येईना. कोंडाबाई तर पार कुंपणाशी उभी. कुठल्या तोंडानं मागणार? ठमाबाईनं चिमटा उचलला. निखारा घेऊन ती स्वतः अंगण ओलांडून गेली आणि कोंडाबाईच्या खापरात टाकला.

कोंडाबाई म्हणाली, "म्हैस आता दाव्याला असते."

"असू दे," ठमाबाई म्हणाली. "बाळ बघून जा."

मग घराघरांतून धूर निघाला. पाहुण्यांसाठी पिठलं शिजलं, भाकऱ्या पडल्या. सगळी जेवायला बसली, तेव्हा दारात गारठा आला. हिवाई उंबऱ्याबाहेर उभी होती. बनूनं बाळाला घट्ट धरलं.

हिवाईनं हात पुढं केला. त्याच आवाजात म्हणाली, "हात गारठलेत."

ठमाबाई थोडी घाबरली, बरं का. पण तिनं पाट सरकवला. "आत ये. निखाऱ्यानं काय होतंय, चुलीपुढंच बस."

हिवाई वाकून आत आली. पाटावर बसली. जाळापुढं हात धरले. हळूहळू तिच्या केसांतून, बोटांतून पाणी ठिबकायला लागलं. ती बारीक होत होत साध्या म्हातारीएवढी झाली. ठमाबाईनं तिच्यापुढं गरम भाकरी ठेवली. ती तिनं सगळी खाल्ली.

"दारोदार हिंडले मी," ती म्हणाली. "बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं." आणि तृप्त होऊन, येसूच्या डोक्यावरून हात फिरवून, ती निघून गेली. त्या हातात तेव्हा ऊब होती, असं येसू सांगायची.

दुसऱ्या दिवशी येसूनं लोहारणीचं घोंगडं खाली नेऊन दिलं, त्यावर बनूनं दिलेलं आणखी एक घालून. तिकडे नावाड्याच्या झोपडीत चूल पेटलेली होती, आणि जो येईल तो तिच्याशी हात शेकून पुढं जात होता. बाळाची पाचवी झाली, बारसं झालं. कोकरं मोठी झाली. उंबरमाथ्यात भांडणं व्हायची, नाही कशाला म्हणू, पण विस्तव मात्र सगळ्या घरांतून फिरायचा. सगळी पोटभर जेवली, उबेत निजली.

चला, डोळे मिटा आता. गोष्ट घरी पोचली, तुम्हीही पोचा.